कवटीतला मुक्काम

टेंगूळ आधी भरतला सापडलं. निवृत्त झाल्यापासून मंजुषाच्या केसांना मेंदी तोच लावून द्यायचा. त्या रविवारी भांग पाडताना तिच्या डाव्या कानाच्या वर त्याच्या बोटाला काहीतरी लागलं. सुपारीएवढं, घट्ट.

"कुठं आपटलीस का गं?"

"नाही."

"दुखतंय?"

"नाही हो. तुम्ही मेंदी लावा, वाळायला लागलीय."

दोघंही ते विसरले. जयसिंगपूरच्या त्या छोट्या बंगल्यात दोघंच राहत. मंजुषा मगदूमनं जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं होतं, भरत साखर कारखान्यात केमिस्ट होता. मुलगी चंदना सांगलीत असायची, तिचं औषधांचं दुकान होतं. दिवाळीला ती आली आणि आईच्या डोक्याला तेल लावता लावता एकदम थांबली. सुपारीचं आता लिंबू झालं होतं.

"आई, हे किती दिवस आहे?"

दुसऱ्याच दिवशी तिनं दोघांना गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं.

डॉक्टर नसीमा मुजावर रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगांवर काम करत. तपासणीची टोपी मंजुषाच्या डोक्यावर काही मिनिटं राहिली आणि समोरच्या पडद्यावर तिची कवटी उभी राहिली. डॉक्टरांनी ती बोटानं फिरवली.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या आहात म्हणून सरळ सांगते. हे हाडावर आलेलं नाही, हाडाच्या आतून आलंय. कवटीचं हाड भरीव नसतं. बाहेर एक कडक पत्रा, आत एक कडक पत्रा आणि मधे स्पंजसारखा थर. त्या थरात मज्जा असते, तिथं रक्ताच्या पेशी तयार होतात. तुमच्या त्या मज्जेत लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग झालाय. एरवी हा आजार मानेत, काखेत, गाठींमध्ये सुरू होतो. कवटीत सुरू झालेला फार क्वचित दिसतो. इतक्या वर्षांत मी स्वतः दोनच पाहिलेत."

"दुखत कसं नाही मग?" भरतनं विचारलं.

"नाही दुखत. म्हणून तर उशिरा कळतं. बाहेर जेवढं दिसतंय त्याहून आत जास्त आहे. मेंदूच्या आवरणाला ते टेकलंय."

नेहमीची जोरदार औषधं मंजुषाला झेपणार नव्हती. मागच्या मोठ्या साथीत तिचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी हाडाचा कण काढून घेतला आणि प्रयोगशाळेत पाठवला. आता अशा कणातली प्रत्येक पेशी वेगळी वाचता येत होती, प्रत्येकीची जनुकं निराळी मांडता येत होती. पूर्वी सगळ्यांची मिळून एक सरासरी मिळायची, त्यात एकटीदुकटी पेशी हरवून जायची.

आठवड्याभरानं डॉक्टरांनी तिघांनाही बोलावलं. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

"एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मुलगा झाला होता का?"

मंजुषानं भरतकडे बघितलं. शेवटी चंदना म्हणाली, "मला भाऊ आहे. मोठा."

"होता," भरत म्हणाला.

"आहे," मंजुषा म्हणाली.

श्रेणिक वीसेक वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीसाठी रत्नागिरीला निघाला होता. इंजिनिअरिंग झालेलं, अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला मुलगा. भांडण नाही, प्रेमप्रकरण नाही, काही नाही. आंबा घाटाच्या अलीकडे एसटी चहाला थांबली, तो खाली उतरला आणि परत चढला नाही. कंडक्टरला एवढंच आठवत होतं. फोन बंद झाला. दरीत माणसं उतरवून शोधलं, वर्तमानपत्रांत फोटो दिले. नंतर पोलिसांनी आईवडिलांच्या रक्ताचा नमुना मागितला. बेवारस मृतदेहांशी तो ताडून बघता येतो, म्हणाले. मंजुषानं दिला नाही आणि भरतलाही देऊ दिला नाही. "रक्त द्यायचं म्हणजे तो गेला असं आपणच लिहून द्यायचं," ती म्हणाली होती. भरत आणखी दोनतीन वर्षं हिंडला, मग थांबला. त्यावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. फक्त मंजुषा घराला बाहेरून कुलूप लावायची नाही. कुणीतरी घरात राहायचंच, एकानं बाहेर जायचं असलं तर दुसऱ्यानं थांबायचं. आज दवाखान्यात येताना तिनं शेजारच्या बाईंना बसवून ठेवलं होतं.

"तुमच्या कवटीच्या मज्जेत काही पेशी तुमच्या नाहीत," डॉक्टर सांगत होत्या. "त्या पुरुषाच्या आहेत. त्यांची निम्मी जनुकं तुमची, निम्मी वेगळी. म्हणजे तुमच्या मुलाच्या."

भरत खुर्चीत पुढे सरकला. "असं कसं होईल?"

"होतं. गरोदरपणात बाळाच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात. बहुतेक मरतात. काही मज्जेत जाऊन राहतात, वर्षानुवर्षं. वय वाढलं की मांडीच्या, कमरेच्या हाडातली मज्जा सुकते, तिथं चरबी भरते. कवटीतली मज्जा मात्र म्हातारपणीसुद्धा ताजी राहते, उलट वाढते. बाकीची घरं पडली तेव्हा या पेशी तिथं टिकल्या." त्यांनी पडद्यावर रंगवलेला कण दाखवला. मधे आजाराचा जांभळा डाग आणि त्याच्या कडेकडेनं हिरवे ठिपके. "हे हिरवे त्याचे. हे तुमच्या आजाराशी भांडताहेत. हा आजार अजून शरीरात दुसरीकडे गेला नाही तो बहुधा यांच्यामुळे."

मंजुषा पडद्याजवळ गेली. बराच वेळ तिथंच उभी राहिली.

"यांना काही माहीत असतं का?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"त्याच्याबद्दल. तो कुठं आहे, कसा आहे."

"नाही मॅडम. तो जन्मायच्या आधीच या त्याच्यापासून सुटल्या. तुमच्याशिवाय यांनी काहीच पाहिलेलं नाही."

उपाय असा होता. त्या पेशी वेचून बाहेर काढायच्या, आजाराची पेशी ओळखायला शिकवायच्या, कोट्यवधींनी वाढवायच्या आणि परत मंजुषाच्या शरीरात सोडायच्या. परक्या असल्यामुळे त्या आजाराला सोडणार नाहीत आणि इतकी वर्षं ओळखीच्या असल्यामुळे शरीर त्यांना हुसकणार नाही. जोरदार औषधांची गरज नाही.

"माझ्या पेशी घ्या की," चंदना म्हणाली. "मीही तिचीच आहे. मी समोर बसलेय."

डॉक्टरांनी मान हलवली. "तुमच्या पेशी मज्जेत सापडल्या नाहीत. बाहेरून द्यायच्या तर आधी आईंची सगळी प्रतिकारशक्ती मोडून काढावी लागेल. त्यांच्या हृदयाला ते सोसणार नाही."

परतताना गाडीत आई मागे डोळे मिटून बसली होती तेव्हा चंदना वडिलांना हळूच म्हणाली, "बघा बाबा. दर शनिवारी मी येते, औषधं मी आणते, मुलांच्या परीक्षा सोडून मी धावते. आणि उपयोगी पडणार तो." भरतनं तिच्या हातावर हात ठेवला. मंजुषा झोपलेली नव्हती. तिनं सगळं ऐकलं आणि डोळे तसेच मिटून ठेवले.

अडचण वेगळीच निघाली. दुसऱ्याच्या जिवंत पेशी वाढवायच्या तर कायद्यानं त्या माणसाची संमती लागायची. माणूस सापडत नसेल तर त्याची जनुकं देशभरच्या नोंदणीतून फिरवून बघावी लागत, आणि त्या नोंदणीत दवाखान्यांतले, तुरुंगांतले, आश्रमांतले लोक होते तसे सगळे बेवारस मृतही होते. शोध घेतल्यावर तो सापडला नाही किंवा हयात नसला तर आईवडिलांची सही चालत होती. शोध न घेता नाही.

"म्हणजे कळणार," मंजुषा म्हणाली.

"कदाचित कळेल. कदाचित काहीच सापडणार नाही."

"मग राहू दे."

भरत तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी घरी आल्यावर चढवला. "मरशील तू, मंजू. कळतंय का? एका मुलापायी दुसरीला आई राहणार नाही."

"वीस वर्षं मी त्याला जिवंत ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही नाही ठेवलात. आता मी जगावं म्हणून त्याला मारू?"

भरत बाहेर जाऊन पायरीवर बसला.

चंदनानं समजावलं, डॉक्टरांनी फोन केले. मंजुषा ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. मधल्या काळात तिला एक चाळा लागला. एकटी असली की ती तळहात टेंगळावर ठेवून बसायची, लहान मुलाचा ताप बघतात तसा. चंदनानं एकदा ते दारातून पाहिलं आणि आत न येता मागे वळली.

मग एका सकाळी चहा गाळताना मंजुषाच्या उजव्या हातातून गाळणं पडलं. भरत धावत आला. ती खाली बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. ओठ हलत होते.

"चहा," ती म्हणाली. "नाही. चहा नाही. तो. आपला तो."

"कोण?"

"आपला. मोठा." ती थांबली. कपाळावर घाम आला. "नाव सांगा."

गाठ आतल्या बाजूनं वाढून मेंदूच्या भाषेच्या भागावर दाबायला लागली होती. मिरजेला पोचेपर्यंत ती भरतचा हात धरून त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. "नाव सांगा." तो सांगायचा, "श्रेणिक." ती ओठांनी ते धरायला बघायची आणि ते निसटायचं. सूज उतरवायचं औषध दिल्यावर दुपारनंतर शब्द हळूहळू परत आले. डॉक्टर मुजावर पलंगाशेजारी बसल्या होत्या.

"औषधानं थोडे दिवस निभेल," त्या म्हणाल्या. "पुन्हा होईल. आणि मग शब्द परत येणार नाहीत."

मंजुषा छताकडे बघत होती. "आज अर्धा दिवस तो माझ्याकडे नव्हता," ती म्हणाली. शब्द जपून ठेवत असल्यासारखी सावकाश बोलत होती. "कुठेच नव्हता. असं व्हायला नको. करा तुमचा शोध."

तिनं सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

शोधाला फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी निकाल फोनवर सांगितला नाही. त्या स्वतः तिच्या खोलीत आल्या आणि भरत, चंदना आत आल्यावरच बोलल्या.

"सापडलाय. कर्नाटकात, मलपे म्हणून मासेमारीचं बंदर आहे उडुपीजवळ, तिथं. तो आता नाही. तापाच्या साथीत गेला. त्यानं तिथं वेगळं नाव सांगितलं होतं, त्या नावाच्या माणसाचे कुणी नातेवाईक निघाले नाहीत, म्हणून बेवारस म्हणून नोंद झाली."

चंदना रडायला लागली. भरतनं मान खाली घातली. ही बातमी त्यानं मनातल्या मनात कितीदा तरी ऐकलेली होती.

"कधी?" त्यानं विचारलं.

"आठ वर्षं झाली."

भरतनं वर पाहिलं. "आठ?"

"हो."

"वीस नाही? नीट बघा, डॉक्टर. आठ?"

"आठच. तो तिथं बरीच वर्षं राहत होता. बर्फाच्या कारखान्यात कामाला होता."

ते उमगायला तिघांनाही वेळ लागला. तो दरीत पडला नव्हता. कुणी त्याला नेलं नव्हतं. चहाला उतरून तो दुसरीकडे निघून गेला होता आणि तिथं जगला होता. घराला कुलूप न लावता ही दोघं बसली होती तेव्हा तो एका दिवसाच्या अंतरावर बर्फाच्या लाद्या उचलत होता. भरत शोधायचा थांबला तेव्हा तो होता. चंदनाचं लग्न झालं तेव्हाही तो होता.

"मी म्हणत होते ना," मंजुषा म्हणाली. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. भरतनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ती उठली, सलाईनचा दांडा ओढत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली.

पेशी शरीरात सोडल्या तेव्हा त्यांची पिशवी दुधाच्या पिशवीहून लहान होती. दुसऱ्या दिवशी मंजुषाला ताप चढला. चढणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, लढाई सुरू झाली की चढतोच. कवटीची डावी बाजू आतून ठणकत होती. परिचारिका वेदनेचं औषध घेऊन आली की ती नको म्हणायची. "असू दे. कळतंय मला." चंदना उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती.

"आई, औषध घे ना."

"घेते. जरा वेळानं." मग तिनं चंदनाचं मनगट धरलं. "त्या दिवशी गाडीत तू बोललीस ते मी ऐकलं."

चंदनाचा हात थांबला.

"तू म्हणालीस ते खरं आहे," मंजुषा म्हणाली. "जो नाही त्याच्याकडे बघत बसले मी. तू होतीस, म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही."

चंदनानं पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, पुन्हा कपाळावर ठेवली. "आता औषध घे," ती म्हणाली. मंजुषानं औषध घेतलं.

गाठ विरघळली. आधी बाहेरचं टेंगूळ बसलं, मग आतला भाग. पडद्यावरचा जांभळा रंग महिन्या-महिन्याला कमी होत गेला आणि हिरवा पसरत गेला. कवटीतून तो पाठीच्या कण्यात उतरला, कमरेच्या हाडात गेला. वर्ष संपता संपता डॉक्टरांनी सांगितलं की आता तिच्या शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त त्या पेशींपासून बनतंय. बोट कापलं आणि थेंब आला तर तो श्रेणिकचा असेल. हे सांगताना त्या थोड्या चाचरल्या, कारण काही रुग्णांना ते ऐकून अस्वस्थ वाटतं. मंजुषानं नुसतं "बरं" म्हटलं. पण त्यानंतर ती भाजी चिरताना फार सांभाळून चिरायला लागली, आणि कधी कधी दुपारची पडली असताना उशीवर कान दाबून कानातली नाडी ऐकत राहायची. भरत खोलीत आला तर त्याला खुणेनं थांबवायची. तोही दारात थांबायचा.

मलपेला जायचं तिनंच काढलं. चंदना घरी थांबते म्हणाली, पण मंजुषानं तिला सांगितलं, "नको. कुलूप लाव आणि तुझ्या घरी जा." दोघंच गेली.

बर्फाचा कारखाना बंद झाला होता. त्याच्या समोर बोटीवरच्या लोकांची एक खाणावळ होती. ती चालवणारी वनजा नावाची साठीची बाई फोटो हातात घेऊन उजेडाकडे गेली. फोटो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला होता. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि मग कानडीत बोलायला लागली. भरत चिकोडीकडचा, त्याला कानडी येत होती. मंजुषाला येत नाही असं तो धरून चालला होता. लग्नानंतर सासूबाई आणि तो तिच्यापासून काही लपवायचं असलं की कानडीत बोलायचे. तिला ते कळायला लागल्याचं तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"ओळखलं तिनं," भरत म्हणाला. "सुरेश म्हणायचे त्याला. रोज इथं जेवायला यायचा."

वनजा सांगत होती. पहिली दोन वर्षं तो नुसता भात आणि सार खायचा, मग मासेही खायला लागला, बांगडा त्याला फार आवडायचा. मगदूमांच्या घरात अंडंही कधी आलं नव्हतं.

"साधं जेवायचा म्हणते," भरत म्हणाला. "भात, सार."

मंजुषानं मान हलवली. तिनं भरतला विचारायला सांगितलं, घरचं काही बोलायचा का.

भरतनं विचारलं. वनजानं फोटो टेबलावर ठेवला आणि पदरानं हात पुसले. तिनं एकदा मंजुषाकडे पाहिलं, मग भरतकडे, आणि हळू आवाजात बोलली. आम्ही पुष्कळ विचारायचो, ती म्हणाली. सणाला सगळे गावी जायचे, हा इथंच थांबायचा. विचारलं की एकच सांगायचा. यारू इल्ला. कुणी नाही. माझी वाट बघणारं कुणी नाही.

भरतनं लगेच भाषांतर केलं नाही. बंदरात एक बोट लागत होती, तिकडे तो बघत राहिला.

"ती म्हणते," तो म्हणाला, "आईची फार आठवण काढायचा."

वनजाला मराठी येत नव्हती. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मंजुषानं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला खोटं बोलताना तिनं पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते जमतही नव्हतं. तिनं बाकावर त्याच्या बाजूला थोडी जागा करून दिली. तो बसला.

"आणखी काय म्हणायचा?" तिनं विचारलं.

भरतनं घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.